पाद्री, फादर, रेव्हरंड, पाळक: ख्रिस्ती धर्मगुरूंच्या उपाध्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच बातमीत एकाच माणसाला मथळ्यात 'पाद्री', पहिल्या परिच्छेदात 'फादर' आणि शेवटी 'चर्चचे पुजारी' म्हटलेले आपण कितीदा तरी वाचतो. त्यात रेव्हरंड, पास्टर, मॉन्सिन्योर, कार्डिनल यांची भर पडली की वाचणाऱ्याची पंचाईत होते. यातले काही शब्द दीक्षेचे आहेत, काही हुद्द्याचे आणि काही नुसते मानाचे. तेवढे ध्यानात ठेवून पुढची उत्तरे वाचली तर निम्मा गोंधळ मिटतो.

'पाद्री' हा शब्द मराठीत आला कुठून?

पोर्तुगीजांकडून. लॅटिनमधला 'पाटेर', त्यावरून पोर्तुगीज 'पाद्रे', अर्थ वडील. आपला संस्कृत 'पितृ' याच कुळातला, म्हणजे पाद्री आणि पिता हे दूरचे चुलतभाऊ. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. दोन वर्षांनी काब्रालच्या ताफ्याबरोबर फ्रान्सिस्कन संन्यासी आले. फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरले. त्याआधीच, १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली होती. म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्याला गोवा आणि वसई या दोन्ही टोकांना मराठी-कोंकणी बोलणाऱ्यांच्या रोजच्या नजरेसमोर झगा घातलेला पाद्री होता.

बटाटा, पगार, चावी, साबण, काजू हे शब्दही याच दर्यावाटेने आले. पण 'पाद्री' मराठीत किती मुरला हे त्याच्या रूपांवरून कळते. धोबी-धोब्याला, तसा पाद्री-पाद्र्याला, पाद्र्यांनी. उलट 'फादर' अजून थोडा पाहुण्यासारखाच वागतो: फादरना, फादरांनी, आणि क्रियापद नेहमी आदरार्थी. 'फादर आले' असेच म्हणतात, 'फादर आला' असे कुणी म्हणत नाही.

जुन्या मराठी-फारसी जगात हा शब्द कोण वापरत होते?

फक्त ख्रिस्ती नव्हे, सगळेच. अकबराने गोव्याहून जेझुइटांना, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंना, बोलावले आणि १५८० मध्ये रोदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात वगैरे मंडळी फतेपूर सिक्रीला पोचली. दरबारच्या फारसी लिखाणात त्यांचा उल्लेख 'पादरी' असाच येतो. उत्तरेत आणि हिंदीत रुळलेले 'पादरी' हे रूप तेच.

आपल्याकडचा नामांकित प्रसंग १६६४ चा. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा कापुचिन पंथाच्या फादर आम्ब्रोज यांच्या घराला हात लावला नाही. फिरंग्यांचे पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नये, असे महाराज म्हणाल्याचे फ्रेंच प्रवासी बर्नियेने नोंदवले आहे.

साहित्यात पाहायचे तर फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्याच साष्टी भागातल्या राचोल येथे छापले गेले. त्यात धर्म शिकवणारा जो आहे त्याला 'पाद्री गुरू' असे जोडनाव आहे. एक शब्द लिस्बनचा, एक इथला, आणि ओवीत दोघे शेजारी बसलेले. नंतरच्या काळात 'धर्मगुरू' हा जो सोयीचा शब्द सर्वत्र चालू झाला, त्याची ही पूर्वतयारीच म्हणायची.

'पाद्री' म्हणणे अपमानास्पद आहे का?

मुळात अजिबात नाही. वडिलांना वडील म्हणण्यात कसला अपमान? पण शब्दाला वापराचा रंग चढतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत मिशनरी आणि शास्त्री यांच्यात जाहीर वाद झाले. १८३१ मध्ये डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर, पुढे १८५७ मध्ये समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि जॉर्ज बोवेन वगैरे मिशनरी. त्या काळच्या पत्रांतून, पत्रकांतून 'पाद्री लोक' असा शब्द येतो तेव्हा त्यात बाटवाबाटवीचा संशय भरलेला असतो. गंमत अशी की त्या वादातले मिशनरी प्रोटेस्टंट होते, आणि त्यांच्या स्वतःच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, धर्मोपदेशकाला 'वडील' अर्थाने हाक मारायची रीतच नव्हती. पोर्तुगीज कॅथलिकांचा शब्द स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांना चिकटला, आणि तो टोमणा म्हणून.

आजची स्थिती अशी: तिऱ्हाईतपणे, इतिहास लिहिताना 'पाद्री' चालतो. समोरच्या माणसाला 'अहो पाद्री' म्हणून हाक मारणे मात्र उद्धट वाटेल, जसे एखाद्या वैद्याला 'अहो वैदू' म्हणणे. कुणा हयात धर्मगुरूंविषयी लिहायचे असेल तर 'फादर' किंवा 'धर्मगुरू' लिहावे. 'चर्चचे पुजारी' तेवढे टाळाच. पुजारी म्हटले की पूजाअर्चा डोळ्यांपुढे येते. मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) म्हणण्यापासून आजाऱ्याला तेल लावण्यापर्यंत आणि शाळेच्या हिशेबापासून गावच्या भांडणापर्यंत सगळे बघणारा माणूस त्या शब्दात मावत नाही.

सगळ्या कॅथलिक धर्मगुरूंना 'फादर' म्हणण्याची पद्धत पहिल्यापासून आहे का?

नाही. बहुतेकांना याचे नवल वाटते. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत 'फादर' हा मान पूर्वी मठवासी आणि संघीय संन्याशांपुरता होता. गावोगावच्या चर्चमध्ये नेमलेल्या साध्या धर्मगुरूला एकोणिसाव्या शतकापर्यंत चक्क 'मिस्टर' म्हणत. आयर्लंडमधून ही रीत पसरली, इंग्लंडात कार्डिनल मॅनिंग यांनी तिला बळ दिले, आणि मग ती ब्रिटिश साम्राज्याबरोबर सगळीकडे गेली. मुंबई-वसईकडे जुन्या 'पाद्री'च्या जागी हाक मारायला 'फादर' आला तो इंग्रजी राज्याच्या आणि इंग्रजी शाळांच्या वाटेने.

इतर भाषांत मान वेगळा. इटलीत धर्मगुरूला 'डॉन' म्हणतात, लॅटिन 'दोमिनुस' म्हणजे धनी, स्वामी यावरून. माटुंग्याच्या शाळेमुळे मुंबईकरांच्या तोंडी बसलेले 'डॉन बॉस्को' हे नाव पाहा. त्यात डॉन हे नाव नाहीच, ती उपाधी आहे. माणसाचे नाव जोव्हान्नी बॉस्को. आणि हो, मुंबईच्या गुन्हेगारी बातम्यांतला 'डॉन' त्याच मुळाचा. एकाच शब्दाने कुठे कुठे जावे याला काही धरबंध नाही.

फ्रान्समध्ये 'आबे'. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामीत, 'अब्बा' म्हणजे बाबा. त्यावरून मठाधिपतीला 'अॅबट' आणि फ्रेंचमध्ये कुणाही धर्मगुरूला 'आबे'. पणजीला मांडवीच्या काठाने जुन्या सचिवालयाशेजारून जाताना एक काळसर पुतळा दिसतो: लांब झगा, दोन्ही हात पुढे ताणलेले, आणि त्या हातांखाली भान हरपून मागे कललेली एक बाई. हे आबे फारिया. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले जुझे कुस्तोदियो द फारिया, संमोहनाच्या अभ्यासासाठी जगभर ओळखले गेले आणि १८१९ मध्ये पॅरिसला वारले. पोरवयात विचारणाऱ्याला 'आबे' हे त्यांचे पाळण्यातले नाव वाटते. ते नाव नव्हे, पॅरिसने दिलेला मान. गोव्यातच राहिले असते तर ते 'पाद्र फारिया' झाले असते. त्यांच्या घरातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आईवडील विभक्त झाले, त्यानंतर वडील धर्मगुरू झाले आणि आई जोगीण, म्हणजे नन. म्हणजे हा मुलगा दोन्ही अर्थांनी एका 'पाद्र्या'चा मुलगा.

पण बायबलमध्ये 'पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका' असे आहे ना?

आहे. मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय २३, ओवी ९. प्रोटेस्टंट मंडळींचा या हाकेला असलेला विरोध मुख्यतः याच ओवीवर उभा आहे. कॅथलिक उत्तर असे की त्याच ठिकाणी 'गुरू' म्हणवून घेऊ नका असेही आहे. रोख मानाच्या हव्यासावर आहे, शब्दावर नाही. नाहीतर घरच्या बापालाही बाप म्हणता येणार नाही. शिवाय पौल करिंथकरांना लिहितो की शुभवर्तमानाच्या योगे मी तुम्हाला जन्म दिला, म्हणजे तुमचा बाप झालो (पहिले पत्र, ४:१५). हा वाद चारशे-पाचशे वर्षांचा आहे, तो इथे मिटणार नाही. मला स्वतःला कॅथलिक उत्तर पटते, पण मानाच्या हव्यासाबद्दलचा इशारा दोन्ही बाजूंनी वेळोवेळी वाचावा असाच आहे.

'रेव्हरंड' हे पद आहे का?

पद नाही, विशेषण आहे. लॅटिन 'रेव्हेरेंदुस' म्हणजे आदर करण्याजोगा, आपल्या 'पूज्य' किंवा 'आदरणीय'सारखे. दीक्षा झालेल्या कुणाच्याही नावामागे ते लागते, मग तो कॅथलिक असो की प्रोटेस्टंट. पायऱ्याही आहेत: डीनला 'व्हेरी रेव्हरंड', अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) बिशपांना 'राइट रेव्हरंड', आर्चबिशपांना 'मोस्ट रेव्हरंड'. कॅथलिक रिवाजात आपल्याकडे साध्या बिशपांनाही 'मोस्ट रेव्हरंड' लिहितात.

विशेषण असल्यामुळे काटेकोर इंग्रजीत ते आडनावाला थेट लावत नाहीत. पूर्ण नाव लागते. पण मराठीने हा नियम केव्हाच गुंडाळून ठेवला, आणि बरे केले. 'रेव्हरंड टिळक' म्हटले की मराठी माणसाला नारायण वामन टिळकच आठवतात, जसे 'लोकमान्य' म्हटले की बाळ गंगाधर. दोन टिळक एकाच काळात गाजत होते, वेगळे ओळखायला काहीतरी हवेच होते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, ते अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक झाले. पण १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि 'देवाचा दरबार' उभारला. मिशनच्या चौकटीतून माणूस बाहेर पडला, 'रेव्हरंड' मात्र मराठीने त्यांच्या नावावरून उतरू दिले नाही. पाठ्यपुस्तकांतून कविता शिकलेल्या किती पिढ्यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नसतानाही तो पाठ आहे.

फादर गोरे तर प्रोटेस्टंट होते. मग 'फादर' कसे?

चांगला प्रश्न. नीळकंठशास्त्री गोरे (१८२५-१८९५) हे काशीचे चित्पावन पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या हे नाव घेतले. पंडिता रमाबाईंच्या विचारप्रवासात त्यांचा मोठा वाटा आहे. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे. पण अँग्लिकनांतही एकोणिसाव्या शतकात एक प्रवाह असा निघाला की ज्याने मठ, संन्यास, पापनिवेदन, 'फादर' ही हाक, सगळे परत आणले. ऑक्सफर्डजवळच्या काउली गावी १८६६ मध्ये स्थापन झालेला संघ 'काउली फादर्स' म्हणूनच ओळखला जातो, आणि गोऱ्यांचा त्याच मंडळींशी निकटचा संबंध होता.

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये हेच काउलीचे फादर काम करत. १८९० मध्ये जिथे चहा घेतल्यामुळे न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यावर ग्रामण्य (जातिबहिष्काराचे प्रकरण) उभे राहिले, तेच हे पंचहौद. जोडीला इंग्लंडातल्या वाँटेज गावच्या मठातल्या सिस्टर्स होत्या, आणि रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेजलाच झाला. म्हणजे 'फादर म्हणजे रोमन कॅथलिक, रेव्हरंड म्हणजे प्रोटेस्टंट' हा ढोबळ हिशेब निदान पुण्यात तरी चुकतो.

पाळक, पास्टर, याजक, वडील, अध्यक्ष: हे सगळे एकच का?

नाही, आणि इथे शब्दाच्या निवडीमागे धर्मशास्त्र आहे.

मराठी बायबलमध्ये 'याजक' हा शब्द मुख्यतः यहुद्यांच्या मंदिरात यज्ञबली अर्पण करणाऱ्यासाठी येतो. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मिस्सा हा यज्ञ आहे, म्हणून त्यांच्या धर्मगुरूला याजक म्हणतात आणि त्याच्या दीक्षेला याजकीय दीक्षा. प्रोटेस्टंट म्हणतात, ख्रिस्तानंतर वेगळा याजक उरला नाही, सारे विश्वासणारेच याजकगण आहेत. म्हणून त्यांनी 'पाळक' पसंत केला: कळपाची राखण करणारा. 'पास्टर' हा लॅटिन शब्दही तोच, मेंढपाळ. नगर, जालना, सोलापूरकडच्या जुन्या मंडळ्यांत 'पाळकसाहेब' ही हाक रुळलेली आहे. नव्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत 'पास्टर' जास्त ऐकू येतो.

'वडील' म्हणजे ग्रीक 'प्रेस्बिटेरोस', वयाने-मानाने मोठा. इंग्रजी 'प्रीस्ट' हा शब्द त्याचाच झिजलेला अवतार, आणि 'प्रेस्बिटेरियन' चर्चचे नावही त्यावरूनच. पहिल्या शतकातल्या मंडळीची रचना मराठी बायबलात वाचताना 'अध्यक्ष व सेवक' असे शब्द येतात. तिथे अध्यक्ष म्हणजे बिशप आणि सेवक म्हणजे डीकन. आज ते वाचून एखाद्याला सहकारी पतसंस्थेची कार्यकारिणी आठवली तर त्याचा दोष नाही.

व्यवहारातला ठळक फरक असा की कॅथलिक धर्मगुरू (लॅटिन विधीचे) अविवाहित असतात, पाळक बहुधा संसारी. स्त्रियांना दीक्षा देण्याबाबतही वाट वेगळी. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळते. दक्षिणेतल्या भगिनी चर्चमध्ये तर २०१३ मध्ये पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या. अशा वेळी 'रेव्हरंड' ही उपाधी सोयीची पडते, तिला लिंग नाही.

बिशप, आर्चबिशप, कार्डिनल ही बढतीची शिडी आहे का?

अर्धी आहे. दीक्षा तीनच: डीकन, प्रीस्ट, बिशप. त्यावरचे सगळे हुद्दे किंवा मान.

'बिशप' हा ग्रीक 'एपिस्कोपोस'चा अपभ्रंश, अर्थ देखरेख करणारा. पोर्तुगीजांनी त्याचा 'बिश्पु' केला, कोंकणीत तो 'बिस्प' झाला. इंग्रजीने तिसरीकडूनच 'बिशप'वर आणून सोडले. मराठी मिस्सेत त्यांना 'महागुरुस्वामी' म्हणतात. आर्चबिशप म्हणजे मोठ्या धर्मप्रांताचा बिशप. दीक्षा तीच, अधिकारक्षेत्र आणि मान मोठा. पण हा मान व्यक्तीलाही देता येतो. वसई धर्मप्रांत मुंबईतून १९९८ मध्ये वेगळा झाला, तो साधा धर्मप्रांत आहे, महाधर्मप्रांत नाही. तरी २००९ मध्ये तिथे आलेले फेलिक्स मच्याडो 'आर्चबिशप' म्हणवले जात, कारण ती उपाधी त्यांना व्यक्तिशः मिळालेली होती. वसईत कितीजणांनी यावरून पैजा लावल्या असतील कोण जाणे.

कार्डिनल ही चौथी दीक्षा नव्हे. लॅटिन 'कार्दो' म्हणजे बिजागरी. रोमच्या प्रमुख चर्चना कायम जोडलेले, ज्यांच्यावर कारभार फिरतो ते धर्मगुरू, म्हणून कार्डिनल. आज त्यांचे सर्वांत ठळक काम नव्या पोपची निवड, तीही वयाची ८० वर्षे पूर्ण होईपर्यंतच. भारताचे पहिले कार्डिनल मुंबईचे आर्चबिशप व्हालेरियन ग्रेशस, १९५३ मध्ये. कराचीत जन्मलेले गोवेकर. त्यांच्यानंतर मुंबईचे सायमन पिमेंटा, आयव्हन डायस आणि ऑस्वल्ड ग्रेशस हेही कार्डिनल झाले. गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्रांव यांना ही उपाधी ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाली. त्यांच्या नावामागे आणखी एक भारदस्त बिरुद आहे, 'पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क'. ते १८८६ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांना दिले गेले आणि ते निव्वळ मानाचे आहे. पोर्तुगीज साम्राज्य गेले, बिरुद राहिले.

'मॉन्सिन्योर' म्हणजे बिशपच्या खालचा अधिकारी का?

नाही, अधिकार शून्य. 'माझे स्वामी' अशा अर्थाची, पोपकडून ज्येष्ठ धर्मगुरूला मिळणारी ती शाबासकी. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये धर्मप्रांतांतल्या धर्मगुरूंसाठी ती ६५ वर्षांवरच्यांपुरती मर्यादित केली. ठीकच केले.

पोप एकच असतो ना?

रोमचा एकच. पण 'पापा', म्हणजे पुन्हा बाबाच, हा शब्द सुरुवातीला बऱ्याच बिशपांना लावत. इजिप्तमधल्या कॉप्टिक चर्चचे प्रमुख आजही पोप म्हणवतात. पश्चिमेत अकराव्या शतकापासून तो रोमपुरता राखून ठेवला गेला. गोव्यात 'पाप साय्ब' म्हणतात, त्यातला 'पाप' मराठी पाप नव्हे, घाबरू नये.

ब्रदर, सिस्टर, मदर यांचे काय?

यांत दीक्षा नाही, व्रते आहेत. सिस्टर म्हणजे व्रतस्थ स्त्री. मठाच्या किंवा संघाच्या प्रमुखेला 'मदर', म्हणून मदर तेरेसा. 'ब्रदर' दोघांना म्हणतात: आयुष्यभर व्रतस्थ राहणाऱ्या पण दीक्षा न घेणाऱ्या पुरुषाला, आणि सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही.

हा विद्यार्थी 'फादर' होतो तो क्षण वसईत पाहण्यासारखा असतो. सेमिनरीतली लांबलचक वर्षे संपलेली, मध्ये डीकनपदही होऊन गेलेले. संतांची लितानी (एकेका संताचे नाव घेऊन केलेली प्रार्थना) चालू असताना पांढऱ्या झग्यातला तो मुलगा वेदीपुढे जमिनीवर पालथा पडून राहतो. मग बिशप न बोलता त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात, मागोमाग हजर असलेले सगळे धर्मगुरू एकेक करून तसेच. तळव्यांना तेल लावतात. विधी संपला की लोक त्या तेल लागलेल्या हातांचे चुंबन घ्यायला रांग लावतात, आणि रांगेत आई असते. कालपर्यंत ती त्याला नावाने हाक मारत होती. चारचौघांत ती आता 'फादर' म्हणणार. घरी काय म्हणते ते ज्याचे त्याचे.

नावापुढे 'एस. जे.', 'एस. डी. बी.' असे का लिहितात?

ते धर्मगुरू कोणत्या संघाचे आहेत ते कळावे म्हणून. एस. जे. म्हणजे येशूसंघीय, जेझुइट. एस. डी. बी. म्हणजे डॉन बॉस्कोंचे सालेशियन. ओ. एफ. एम. म्हणजे फ्रान्सिस्कन. नावापुढे काहीच नसेल तर ते बहुधा धर्मप्रांताचे, बिशपच्या थेट हाताखालचे. अक्षरांना शिक्षणाची पदवी समजू नये. पत्रिकेत 'एम. ए., एस. जे.' असे एका दमात छापले की ती फसगत होतेच.

गोव्यात 'पाद्र विगार' म्हणतात ते कोण?

गावच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू. 'विगार' म्हणजे 'व्हिकार', दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, इथे बिशपच्या वतीने. त्यांचा सहायक तो 'पाद्र कूर'. चर्चला 'इगर्ज', जोगिणीला 'माद्र', बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याला 'पाद्रिन' आणि धर्ममातेला 'मादिन'. सगळी पोर्तुगीज घराण्यातली माणसे, कोंकणी कपड्यांत. वसईकडे आज 'प्रमुख धर्मगुरू' आणि 'धर्मग्राम' असे घडवलेले मराठी शब्द जास्त चालतात. मराठीतून उपासना सुरू झाली तेव्हा हे शब्द लागले आणि ते टिकले.

सैन्यात पाद्री असतो हे खरे?

खरे. भारतीय लष्करात 'धर्मशिक्षक' म्हणून कनिष्ठ आयोगप्राप्त अधिकाऱ्यांची भरती होते, सुरुवात नायब सुभेदारापासून. पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्खू यांच्याबरोबर जाहिरातीत 'पाद्री' हा शब्द अधिकृतपणे छापलेला असतो. ब्रिटिश फौजेतही चॅप्लेनला सगळे 'पाद्रे'च म्हणतात, पंथ कुठलाही असो.

मग लिहावे कसे आणि बोलावे कसे?

बोलताना सोपे आहे. कॅथलिक धर्मगुरूंना 'फादर', प्रोटेस्टंट असतील तर 'पाळकसाहेब', 'पास्टर' किंवा नुसते 'सर'. चुकून फादर म्हटले तरी कुणी रागावत नाही. बिशपांना 'बिशपसाहेब' मराठीत सर्रास चालते. औपचारिक इंग्रजी पत्रात आर्चबिशपांना 'युवर ग्रेस', कार्डिनलना 'युवर एमिनन्स'.

लिहिताना पहिल्या उल्लेखात पूर्ण: 'रेव्ह. फादर' आणि नाव-आडनाव. नंतर 'फा.' आणि आडनाव पुरे. 'रेव्ह. फा. डॉ. श्री.' अशी मिरवणूक नको, 'श्री.' तर नकोच. कार्डिनल ही उपाधी जुन्या रिवाजाने नाव आणि आडनावाच्या मध्ये येते, 'फिलीप नेरी कार्डिनल फेर्रांव' अशी. बातमीत ती आधी लिहिली तरी चालते. आणि साहित्यिक म्हणून उल्लेख असेल तर नुसते नाव लिहिण्यात कमीपणा नाही. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो यांना मात्र बहुतेक सगळ्यांनी 'फादर दिब्रिटो' असेच लिहिले, ख्रिस्ती नसलेल्यांनीही.